शाळेच्या कामाला सोळा जीबी

सुलभाबाई भंगाळे यांनी चोपन्न वर्षांच्या आयुष्यातली पहिली खणखणीत थाप मारली ती बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारात, निरंजनच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, रविवारी सकाळी अकरा वाजता, पूर्ण शुद्धीवर असताना. थाप दोनच शब्दांची होती. "शाळेच्या कामाला."

खरं कारण वेगळं होतं. दिवाळीत त्या बहिणीकडे जळगावला गेल्या होत्या. बहिणीची मुलगी भूमिका कॉम्प्युटरवर ट्रक चालवण्याचा गेम खेळत होती. तिला फोन आला तशी ती उठली आणि म्हणाली, "मावशी, दोन मिनिटं ही बटणं धर, नाहीतर ट्रक नाल्यात जाईल." सुलभाबाईंनी बटणं धरली, ती चार तासांनी सोडली. मधल्या वेळात त्यांनी कुठल्याशा थंड देशातून अठरा टन बटाटे सुखरूप पोचवले, ट्रक मागे घेत घेत दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध उभा केला, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत शाबासकी आली. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर शाबासकी लिहिणाऱ्या बाईला ती स्वतःला मिळण्याची सवय राहिलेली नव्हती. बुऱ्हाणपूरला परत येताना गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहायचं सोडून त्या समोरच्या ट्रकांची वळणं पाहत बसल्या, आणि दोन ठिकाणी ड्रायव्हर चुकला असं त्यांचं स्पष्ट मत झालं.

आता, गावात कन्याशाळेत गणित शिकवणाऱ्या बाईने "मला गेम खेळायला कॉम्प्युटर पाहिजे" असं कुठल्या तोंडाने म्हणावं? भंगाळे मॅडम रस्त्याने निघाल्या की शाळेतल्या मुली तर गप्प होतच, त्या मुलींच्या आयाही पदर सारखा करत, कारण त्याही मॅडमच्याच हाताखालून गेलेल्या. पगाराच्या फरकाचे पैसे नुकतेच मिळाले होते, ते स्वतःचे होते, अडचण पैशाची नव्हतीच. अडचण इभ्रतीची होती.

भूमिकाने फोनवर सगळं समजावलं होतं. "मावशी, गेमसाठीचं महागडं कार्ड आत्ता नको. असा प्रोसेसर घे ज्याच्यात चित्रं काढायची सोय आतच असते. पण मग तो चित्रांसाठी मेमरीच वापरतो, म्हणून मेमरीत कंजुषी चालणार नाही. सोळा जीबी घे. आणि ऐक, सोळाची एक पट्टी नाही घ्यायची, आठ-आठच्या दोन घ्यायच्या. स्पीड बत्तीसशे."

"आठ दुणे सोळाच ना? मग एक घेतली काय आणि दोन घेतल्या काय?"

"दोन लावल्या की दोन रस्त्यांनी माल येतो गं."

हे सुलभाबाईंना लगेच पटलं. दोन नळांनी हौद किती वेळात भरेल हे गणित त्यांनी हजारभर मुलींना रडवून शिकवलं होतं. एका नळाने हौद भरायला कोणी बसलं तर त्याला काय म्हणावं, हे त्या जाणून होत्या. त्यांनी सगळं एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि रविवारी इतवारा गाठला.

निरंजन त्यांचा शिकवणीचा विद्यार्थी. दहावीला गणितात दोनदा राहिला होता, तिसऱ्यांदा मॅडमनी दोन महिने घरी बसवून काढून घेतला. म्हणून त्याच्या मनात मॅडमबद्दल नुसता आदर नव्हता, तर त्यांचं भलं करण्याची एक जबरदस्त इच्छा होती. अशा माणसाच्या दुकानात जाऊ नये हे सुलभाबाईंना उशिरा कळलं.

त्याने उठून खुर्ची दिली, मावा जलेबी मागवली, चिठ्ठी वाचायला घेतली. प्रोसेसरला मान डोलावली. डिस्कला डोलावली. मेमरीच्या ओळीवर थांबला.

"सोळा? बत्तीसशे? मॅडम, हे कोणी लिहून दिलं तुम्हाला? हा तर गेमिंगवाल्यांचा हिसाब आहे. तुम्हाला कशाला पाहिजे?"

इथे ती थाप आली.

"मग आठ पुष्कळ झाली!" निरंजनचा चेहरा उजळला. "मार्क्सच भरायचे ना? सध्या मेमरीचे भाव रोज चढू राहिले, मॅडम. दुसऱ्या कोणाला मी सोळा टिकवली असती. पण तुमचे पैसे मी बरबाद होऊ देणार नाही. ही घ्या, एक आठची, सव्वीसशे सहासष्टवाली. आरामात चालेल."

"पण बत्तीसशे जास्त चांगली असेल ना?" सुलभाबाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

"मॅडम, मार्क्स भरताना स्पीड तुमच्या बोटांची लागते. मशीनची नाही."

सुलभाबाई जलेबी खाऊन, सोळाच्या जागी आठ आणि बत्तीसशेच्या जागी सव्वीसशे सहासष्ट घेऊन, वर सूट मिळाल्याबद्दल आभार मानून घरी आल्या.

त्यांचे यजमान विनायकराव तहसील कचेरीत बाबू होते. त्यांनाही शाळेचं काम हेच कारण सांगण्यात आलं, आणि त्यांनी ते सहज मानलं, कारण शाळा बायकोकडून काहीही करून घेते असा त्यांचा अनुभव होता. कॉम्प्युटर मागच्या खोलीत बसला. शाळा सकाळची. दुपारी जेवण आटोपलं की विनायकराव कचेरीतून येईपर्यंत घर मोकळं. भूमिकाने फोनवरून सांगत सांगत गेम चढवून दिला आणि सुलभाबाईंनी दार लोटून पहिला माल उचलला.

ट्रक निघाला, पण तो चालत नव्हता. लग्नाच्या अल्बममधले फोटो उलटावेत तसा तो दिसत होता. या फोटोत ट्रक रस्त्यावर, पुढच्या फोटोत वळणावर, त्यापुढच्या फोटोत शेतात. मधे काय घडलं याचा काही पुरावा नाही. वळण दिसून बटण दाबेपर्यंत वळण मागे पडलेलं असे. तरीही सुलभाबाईंनी हार मानली नाही. वळण यायच्या आधीच अंदाजाने बटण दाबायचं, असं एक तंत्र त्यांनी बसवलं. त्या तंत्राने त्या रोज दुपारी दोन-दोन तास चालवत राहिल्या. दहातला एखादा माल पोचे.

शेजारच्या योगेंद्रला नवीन कॉम्प्युटरची खबर पहिल्याच आठवड्यात लागली. योगेंद्रचे स्वतःचे दोन ट्रक होते. ते दापोऱ्याकडची केळी भरून दिल्लीला जात. ज्या माणसाजवळ दोन ट्रक आहेत त्याला जगातल्या सर्व यंत्रांतलं कळतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

"भाभी, स्लो चालून राहिलं म्हणता?" त्याने मशीनभोवती एक फेरी मारली, जणू टायर तपासतोय. "स्पीड नका वाढवू. माझं ऐका. स्पीड वाढवली का इंजन गरम होते, आणि मायलेज पडते. मशीन कोणतीही असो, बात एकच. लोड वाढवायचा असेल तर मागचा हौदा वाढवा, मेमरीची पट्टी मोठी करा. माझ्याजवळ एक पडेल आहे, आणून देतो."

तो खरोखरच घेऊन आला. मेमरीची पट्टी अर्ध्या फूटपट्टीएवढी असते. योगेंद्रने आणलेली तिच्या निम्मी होती, कारण ती त्याच्या मेहुण्याच्या लॅपटॉपमधली होती. खाचेत ती जाईना. योगेंद्र म्हणाला की थोडी घासली की बसेल, आणि कानस आणायला उठला. सुलभाबाईंनी त्याला चहा देऊन बसवलं आणि विषय केळीच्या भावाकडे वळवला. त्यानंतर तो तासभर कानस विसरला.

शेवटी त्यांनी निरंजनला टाळून आठ जीबीची एक पट्टी, बत्तीसशेची, ऑनलाइन मागवली. दोन नळ तरी होतील. पण घरात ऑनलाइन मागवायचं जे खातं होतं त्याला नंबर विनायकरावांचा जोडलेला. चार दिवसांनी विनायकराव कचेरीतून आले ते छाती काढूनच.

"आज एकाला असा झापला! म्हणे पार्सल आलंय, ओटीपी सांगा. मी म्हणालो, मी तहसीलमधला माणूस आहे, मला येडा समजतो का? पुन्हा फोन केलास तर ठाण्यात बसवीन. पळाला बरोबर."

"बरं केलंत," सुलभाबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

पार्सल लालबाग रस्त्यावरच्या कुरियरच्या गोदामात परत गेलं होतं. तिथल्या खिडकीवरच्या माणसाने आधार कार्ड पाहिलं, पार्सल पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. "मॅडम, इसमें एक 'ए' कम है." ऑर्डरवर इंग्रजीत सुलभा लिहिताना मधला एक 'ए' सुलभाबाईंच्या हातून राहिला होता. त्यांनी समजावलं की माणूस एकच आहे. तो म्हणाला की माणूस एक असेल, स्पेलिंग दोन आहेत. त्याला समग्र आयडी, म्हणजे सरकारी कुटुंब ओळखपत्र, पाहिजे होती. समग्र आयडीवर तर त्यांचं नाव 'सुलभाबाई' निघालं, म्हणजे आता एकाच पट्टीवर तीन बायका हक्क सांगू लागल्या. शेवटी "सेवा में, श्रीमान प्रबंधक महोदय" असा एक अर्ज लिहा असं ठरलं. सुलभाबाईंनी तो लिहिला, त्या माणसाने तो वाचला, त्यातल्या दोन मात्रा चुकल्या म्हणून परत दिला. सव्वीस वर्षांत त्यांचा कागद कोणी दुरुस्तीला परत दिला नव्हता. कान तापले, पण त्यांनी मात्रा सुधारल्या. मग साहेब जेवायला गेले आहेत, परवा या, असं सांगण्यात आलं.

या परवाच्या आत शाळेत एक वेगळीच गोष्ट घडली. विनायकरावांनी कचेरीत सांगितलं होतं की आमची बायको शाळेच्या कामासाठी पदरच्या पैशाने कॉम्प्युटर घेते. कचेरीतून ही बातमी शाळेत पोचायला पाच आठवडे लागले. मुख्याध्यापिका अलका मॅडम भावुक स्वभावाच्या. त्यांनी सकाळच्या प्रार्थनेनंतर सुलभाबाईंना पुढे बोलावलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि सहाशे मुलींना सांगितलं की कर्तव्यनिष्ठा म्हणजे काय ते इथे पाहा. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सुलभाबाई नारळाकडे पाहत उभ्या राहिल्या. आदल्याच दुपारी त्यांनी बावीस टन सिमेंट पुलावरून खाली टाकलं होतं.

प्रार्थना संपल्यावर अलका मॅडम म्हणाल्या, "तर मग अर्धवार्षिकचे मार्क्स या वेळी तुमच्याच घरी भरू. सगळ्या वर्गांचे, सगळ्या विषयांचे. सोमवारी दुपारपर्यंत पोर्टलवर गेले पाहिजेत. शाळेचं मशीन तर तुम्हाला ठाऊकच आहे."

सहाशे मुली गुणिले सहा विषय. हा गुणाकार सुलभाबाईंनी नारळ हातात असतानाच करून टाकला.

चार दिवस ट्रक जागचा हलला नाही. शनिवारी दुपारपर्यंत पाचशे चाळीस मुली झाल्या, साठ राहिल्या. तेवढ्यात कुरियरवाल्याचा फोन आला की अर्ज मंजूर झाला, या. शहाण्या माणसाने आधी साठ मुली उरकल्या असत्या आणि मग पट्टी आणली असती. सुलभाबाई रिक्षा करून गेल्या, पट्टी घेऊन आल्या, मशीनचं झाकण काढलं आणि मोकळ्या खाचेत ती बसवली. भूमिकाने सांगितलं होतं की जोर लावून दाब, खटका ऐकू येतो. पण इतकी नाजूक वस्तू, तिच्यावर जोर कसा लावायचा? त्यांनी ती वहीत मोरपीस ठेवावं तशी ठेवली. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. काळाच. पाचशे चाळीस मुली त्या काळोखात गडप झाल्या होत्या.

मार्क्स गेले तर मुलींचे निकाल अडतील, आणि का अडले ते विचारलं तर काय सांगायचं? सुलभाबाईंनी योगेंद्रला हाक मारली. त्याने मशीन उचलून आपल्या गाडीत ठेवलं आणि दहा मिनिटांत दोघं निरंजनच्या दारात उभे राहिले. शनिवार, बाजाराची वेळ, दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं.

निरंजनने झाकण काढलं, आत वाकून पाहिलं आणि अंगठ्याने पट्टी दाबली. कट्ट असा आवाज आला. पडदा उजळला.

"मार्क्स?" सुलभाबाईंनी एवढंच विचारलं.

"सगळे आहेत, मॅडम. डिस्कवरचं कुठे जात नाही. पट्टी अर्धवट बसली होती, बस." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण ही दुसरी लावली कोणी? आणि कशाला? एक सव्वीसशेची, एक बत्तीसशेची. वेगवेगळ्या लावल्या का दोघी हळूवालीच्याच चालीने चालतात. फायदा काय झाला?"

"मार्क्स जास्त आहेत," सुलभाबाई म्हणाल्या.

"अख्ख्या जिल्ह्याचे भरले तरी आठमध्ये मावतील, मॅडम."

तेवढ्यात पडद्यावर एक खिडकी आपोआप उघडली. भूमिकाने ती तशी लावून दिली होती आणि घरी सुलभाबाई ती रोज मुकाट्याने बंद करत असत. खिडकीत लाल ट्रकचं मोठं चित्र होतं, खाली इंग्रजीत काही आकडे. निरंजनने ते सवयीने मोठ्याने वाचले.

"खेळलेला वेळ, एकसष्ट तास."

योगेंद्रने ट्रककडे पाहिलं, मग भाभीकडे. सुलभाबाईंना वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं. पण इतवाऱ्यातली जमीन फरशीची होती आणि समोर माणसं उभी होती, तेव्हा त्यांनी पदर नीट केला आणि वर्गात बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "हो. मी खेळते. कॉम्प्युटर त्यासाठीच घेतला. शाळेच्या कामाला नाही."

निरंजन त्यांच्याकडे पाहतच राहिला. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते हसू नव्हतं.

"एकसष्ट तास," तो हळू आवाजात म्हणाला. "आठ जीबीवर? एका पट्टीवर? कसे काढले, मॅडम?"

"अंदाजाने," सुलभाबाई म्हणाल्या.

"मॅडम, कशाला पाहिजे ते तर खरं सांगायचं होतं ना! मी स्वतः तुम्हाला आठ दिली. या हातांनी." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्याने ती सव्वीसशेची पट्टी काढून बाजूला टाकली, सुलभाबाईंनी आणलेल्या पट्टीच्या जोडीची दुसरी शोधून काढली, दोन्ही योग्य खाचांत बसवल्या. मग मशीन सुरू होतानाच कसलीशी बटणं दाबून एका निळ्या पानावर गेला. "आणि हे कोणी सांगत नाही. बत्तीसशेची पट्टी लावली तरी मशीन तिला चोवीसशेवरच चालवतं. इथे येऊन मंजुरी द्यावी लागते, तेव्हा ती पूर्ण स्पीड देते."

"म्हणजे पट्टी येऊन बसली तरी आदेश निघेपर्यंत ती काम करत नाही," सुलभाबाई म्हणाल्या. यजमान तहसीलमध्ये असल्याने हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"आता चालवून दाखवा."

"इथे?"

"टेस्टिंग तर करावं लागेल, मॅडम."

त्या बसल्या. ट्रक निघाला, आणि या वेळी तो खरोखर चालला. झाडं एकामागून एक सरकत गेली, रस्ता पायाखालून वाहिला, वळण आलं तेव्हा ते आलेलं दिसलं. महिनाभर वळण यायच्या आधीच ओळखण्याची सवय लागलेल्या सुलभाबाईंना ते इतकं सावकाश आणि स्वच्छ दिसलं, की त्यांना जवळजवळ रडू आलं. गोदामाशी पोचून त्यांनी ट्रेलर मागे घ्यायला सुरुवात केली. मागे योगेंद्र पुटपुटत होता, "डावीकडे... आता सोडा..." आणि मग तो पुटपुटायचा थांबला. ट्रेलर रेघांच्या मधोमध उभा राहिला.

"भाभी," योगेंद्र म्हणाला, "माझ्या ड्रायव्हरला गाडी चालवून पंधरा वर्षं झाली, पण ट्रेलर असा लावत नाही तो."

परत येताना सुलभाबाईंनी योगेंद्रला बजावलं की घरी यातलं काही बोलायचं नाही. त्याने गळ्याची शपथ घेतली. त्या मशीन ठेवून हातपाय धुऊन बाहेर आल्या, तोवर विनायकरावांना सगळं कळलेलं होतं.

रविवारी उरलेल्या साठ मुलींचे मार्क्स भरायचे होते, तेव्हा विनायकराव आपणहून शेजारी येऊन बसले आणि यादी वाचून देऊ लागले. "पाचशे बेचाळीस. हिंदी, एकेचाळीस. संस्कृत, अडतीस." याखेरीज दिवसभरात त्यांनी एक शब्द उच्चारला नाही. सुलभाबाईंना ती यादी फार लांब वाटली.

सोमवारी त्या शाल घडी घालून शाळेत घेऊन गेल्या आणि अलका मॅडमना सगळं सांगितलं. अलका मॅडमनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"मार्क्स पोर्टलवर चढले?"

"सकाळीच चढवले."

"एकही चूक नाही?"

"नाही."

"मग झालं. शाल घरी न्या. दिलेल्या शालीसाठी रजिस्टरमध्ये रकाना आहे, परत आलेल्या शालीसाठी नाही." आणि सुलभाबाई दारापर्यंत गेल्यावर त्यांनी मागून विचारलं, "त्यात फक्त ट्रकच असतात, की बसही असते?"

त्या दुपारी सुलभाबाईंनी मागच्या खोलीचं दार उघडं ठेवलं. कुणापासून लपवायचं आता? माल उचलून निम्म्या वाटेवर होत्या तेव्हा विनायकराव रोजच्यापेक्षा दोन तास आधी घरी आले आणि दारात उभे राहिले. सुलभाबाईंनी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला.

"एकसष्ट तास," विनायकराव म्हणाले.

"चौसष्ट झाले," सुलभाबाईंनी खरं ते सांगितलं.

"योगेंद्रला माहीत. निरंजनला माहीत. साऱ्या इतवाऱ्याला माहीत. मलाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही हसला असता."

विनायकरावांनी यावर विचार केला. कचेरीत एखाद्या अवघड अर्जावर करत तेवढा वेळ घेऊन केला. "हसलो असतो," ते म्हणाले. "पण एक दिवस. फार तर दोन. एकसष्ट तास थोडाच हसून राहिलो असतो मी?"

विनायकरावांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, त्यांच्याजवळ ठेवलं, त्यावर बसले आणि चष्मा लावून पडद्याकडे पाहू लागले.

"काय भरलंय यात?"

"औषधं."

"कुठे पोचवायची?"

सुलभाबाईंनी त्या परक्या गावाचं नाव जमेल तसं उच्चारलं.

"वेळ किती राहिला?"

त्यांनी कोपऱ्यातला आकडा पाहिला. "पस्तीस मिनिटं."

"औषधं भरली आहेत आणि गाडी कडेला लावून गप्पा काय मारत बसलीस?" विनायकराव म्हणाले. "चल, घे रस्त्यावर."